भिंतीपलीकडचं ताट

पिपरी मेघे,
सोमवार, १२ जानेवारी

अश्विनच्या आई,

सप्रेम जयभीम.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. समोरच्या जयाच्या फोनवरूनही लावून पाहिला होता. माझा आवाज ऐकला आणि तुम्ही ठेवून दिलात. तुमच्या जागी मी असते तर आधी चार शब्द ऐकवले असते आणि मग ठेवला असता, त्यामुळे तक्रार नाही. पण पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. किराण्याची पुडी सोडली की तिचा कागदसुद्धा तुम्ही सरळ करून वाचायच्या, तेव्हा हेही वाचाल असं धरून चालले आहे.

मुद्द्याचं लिहिते. काल दोन माणसं गाडीवरून आली आणि टेप लावून तुमचं अंगण मोजायला लागली. मी विचारलं तर एक जण म्हणाला, "मालक घर विकून राह्यले जी." अश्विनच्या आई, हात जोडते, इतक्यात विकू नका. घर तुमचं आहे, मी सांगणारी कोण. पण थोडं थांबा. तुमच्या रिकाम्या अंगणाच्या जोरावर आमच्या घरातलं एक माणूस जगतं आहे.

बाईचं डोकं फिरलं असं म्हणाल. आधी ऐकून घ्या.

मुकेशच्या बाबांना विसरण्याची बिमारी झाली आहे. तुम्ही हिंगणीला राहायला गेलात त्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं. आधी चष्मा विसरायचे, किल्ल्या विसरायचे. मग पाटबंधारे ऑफिसातले सोबतचे लोक विसरले, आणि शेवटी मला. मी घरात वावरते ते त्यांना दिसतं, पण मी कोण ते कळत नाही. कधी नर्स समजतात, कधी "ओ बाई" म्हणतात. या माणसाच्या सत्राशे साठ खोडी मी जन्मभर पाठ केल्या आणि आता मीच त्यांना अनोळखी. तेही मी गिळलं. पण दिवाळीनंतर त्यांनी माझ्या हातचं खाणं सोडलं.

घास तोंडाजवळ नेला की ओठ घट्ट मिटतात. म्हणतात, "तुमचं नको जी. आमचं ताट शेजारून येते." मग उठून परसात जातात आणि भिंतीपाशी स्टूल घेऊन बसतात, तुमच्या घराकडे तोंड करून. बोलावलं तरी उठत नाहीत.

शेजारचं ताट म्हणजे आपलं रविवारचं ताट, दुसरं काय! रविवारी संध्याकाळी आमच्या घरी रस्सा होत नव्हता आणि तुमच्या घरी रोडगे होत नव्हते. रोडग्यांसाठी गोवऱ्यांची आग माझ्या परसात, रश्श्याचं गंज तुमच्या चुलीवर, आणि दिवेलागणीला भिंतीवरून अदलाबदल. माझी बहीण एकदा म्हणाली होती, "तुम्हा दोघीईले एकटीनं पुरा सैपाक येत नाई काय?" खरंच येत नव्हता. तुम्ही गेल्यावर मी पाटोडीचा रस्सा करून पाहिला. पाटोड्या एकीकडे, पाणी एकीकडे.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी तो रस्सा पुन्हा केला. त्यांच्या पोटात आठवडाभर चहा-बिस्किटाशिवाय काही नीट गेलं नव्हतं, गालाची हाडं वर आली होती. तुमचं एक ताट आमच्याकडे राहिलं आहे, तुमचं नाव कोरलेलं. त्यात वाढलं, पदर डोक्यावर घेतला, पुढच्या दारानं निघाले आणि तुमच्या गेटची कडी काढून मागच्या अंगणात गेले. धुण्याच्या दगडावर उभी राहिले आणि तुमच्यासारखी हाक मारली, "मुकेशचे बाबा, ताट घ्या जी, गरम हाय!" तुम्ही हसायच्या तशी हसलेही.

उठले हो ते. दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि म्हणाले, "आज उशीर केला जी." तिथंच स्टूलवर बसून सगळं खाल्लं, बोटं चाटून खाल्लं. मी भिंतीच्या तुमच्या बाजूला खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

तेव्हापासून रोज दोन्ही वेळचं जेवण असंच चाललं आहे. स्वयंपाक माझ्या घरी, वाढप तुमच्या अंगणातून. तुम्हाला न विचारता तुमच्या गेटातून ये-जा करते, चोरासारखी. गल्ली हसते, हसू द्या.

आता मागणं. घर विकायचं थोडं पुढे ढकला, गेटला कुलूप लावू देऊ नका. आणि जमलं तर एक रविवार या. तुमच्या हातचं एक खरं ताट त्यांच्या पोटात जाऊ द्या. माझं सोंग किती दिवस चालेल सांगता येत नाही.

त्या रविवारचं, त्यांनी तुमचं ताट फेकलं त्या दिवसाचं, मी इथे काढत नाही. काढण्याची हिंमत नाही.

तुमची,
कोकिळा


पिपरी मेघे,
बुधवार, २८ जानेवारी

अश्विनच्या आई,

उत्तर आलं नाही. उत्तराच्या जागी कुलूप आलं. शनिवारी सकाळी ताट घेऊन गेले तर गेटला साखळी आणि हे एवढं कुलूप. एजंटला फोन केला तर म्हणतो, मालकाची परवानगी आणा. मालक म्हणजे अश्विन. ज्याला मी पोळीचा लाडू करून शाळेत पाठवायचे त्याची परवानगी. मी त्याला फोन केला नाही. तो तुमच्यापेक्षा जास्त चिडलेला असणार.

अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या. डाव्या हाताला थोडं लागलं आहे, त्यामुळे कागद धरता येत नाही, सरकतो. कुलूप लागल्यावर मी दोन वेळा स्टूल लावून तुमच्या गेटवरून पलीकडे गेले. तिसऱ्या वेळी साडी अडकली. ताट आधी पलीकडे ठेवलं होतं, ते सांडलं नाही. तेवढं बरं झालं.

काय बोलतात ते भिंतीपाशी, तुम्हाला सांगते. घरात मौन, पण तिथं तुमच्याशी, म्हणजे माझ्याशी, छान गप्पा. मला एकदा म्हणाले, "मुकेशनं घरात एक बाई आणून ठेवली. सैपाक बरा करते वाटते, वास येते. पण सारखी रडून राह्यते."

मी तुमच्या आवाजात विचारलं, "मग तिच्या हातचं खात काऊन नाई?"

"वा जी! अनोळखी बाईच्या हातचं कसं खावं? आमच्या मंडळीले काय वाटन?"

ऐकलंत? बायकोला वाईट वाटेल म्हणून बायकोच्या हातचं खात नाहीत. एवढा एकनिष्ठ नवरा देवानं वैऱ्याच्या बायकोलाही देऊ नये. मी हसले, तुमच्यासारखी, मोठ्यानं. तेही हसले. घरात ते माझ्यासमोर कधी हसले ते मला आठवत नाही.

हाताला लागल्यावर मला गेट चढता येईना. मग जयाला विनवलं. ती तरणी आहे, गेटवरून टुणकन पलीकडे गेली. तुमचंच ताट, तोच रस्सा, तीच हाक मी तिला शिकवली. तिनं ताट पुढे केलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तू कोण व पोरी? ठेव ते." हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी बेडरूमच्या खिडकीतून पाहत होते. काय चुकलं ते कळलं नाही. हाक चुकली असेल, तुमचं हसू तिला जमलं नसेल.

माझा हात दुखावल्यापासून अर्धा पेला दूध, कधी एखादं केळं, तेही डोळे मिटून पाजल्यासारखं. काल उठताना भिंतीला धरून उभे राहिले आणि तसेच खाली बसले. मी एका हातानं उचलू शकले नाही. जयाचा नवरा धावत आला.

मुकेशचा पुण्याहून फोन होता. डॉक्टरांशी बोलला म्हणे. नाकातून नळी घालायची, नळीतून पातळ अन्न. "आई, प्रॅक्टिकल हो," म्हणाला. तो चुकीचं बोलला नाही, पण मी फोन बंद केला. रश्श्याच्या वासानं ज्या माणसाचा जीव नाचायचा, त्याच्या नाकात नळी? आणि ते ती उपटून काढतील म्हणून हात बांधायचे, हेही त्यानं हळूच सांगितलं. मी ते होऊ देणार नाही. कसं होऊ देणार नाही ते मला माहीत नाही.

तुम्ही येऊ नका, माझ्याशी बोलू नका. पण त्या कुलपाची किल्ली पाठवा. रामाजी भाऊंच्या, अश्विनच्या बाबांच्या, पाया पडते म्हणून सांगा. मी कोणाच्या पाया पडणारी बाई नाही, तुम्हाला माहीत आहे. आता पडते.

कोकिळा


पिपरी मेघे,
सोमवार, ९ फेब्रुवारी

अश्विनच्या आई,

किल्ली मिळाली. हिंगणीच्या बसच्या ड्रायव्हरनं जयाकडे आणून दिली, तुमच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. "किल्ली तुमच्यासाठी पाठवली नाही. माणूस उपाशी मरू नये म्हणून पाठवली. मी येणार नाही. बिमारी डोक्याला झाली हे मान्य. पण त्या दिवशीचे शब्द बिमारीनं आणले काय, एवढं सांगा."

आधी किल्लीचं. कुलूप उघडलं त्या संध्याकाळी मी धुण्याच्या दगडावर उभी राहिले. हाक मारली. ते उठून आले. "कुठं गेलत्या जी?" म्हणाले. अर्धं ताट खाल्लं. रस्सा सदऱ्यावर सांडला, पण खाल्लं. किल्लीबद्दल मी काय लिहू? लिहून होत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हे शब्द मी कागदावर उमटू दिले नसते.

उन्हाळ्याचा रविवार होता. तुमच्या मयुरीला पाहायला मंडळी आली होती, तुमच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. तुम्ही एवढ्या गडबडीतही आमचं ताट काढलंत आणि भिंतीवरून पुढे केलंत. त्यांनी ते घेतलं, पाहिलं आणि तुमच्या अंगणात फेकलं. सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडले, "तुमच्या लोकाईचं आमच्या घरात नाई चालत!" रामाजी भाऊ उभे राहिले. तुम्ही खाली वाकून सांडलेलं भरायला लागलात. मी धावत आले तेव्हा हे उलट माझ्यावरच खेकसले, की हे ताट कोणी मागितलं होतं. रात्री त्यांना काही आठवत नव्हतं. "आज शेजारून काई आलं नाई?" असं विचारत होते. तेव्हा मला वाटलं, बहाणा करतात. डॉक्टरांनी नाव सांगितलं ते पुढे पावसाळ्यात. तोवर तुमचं घर बंद झालं होतं आणि मयुरीच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे आली नाही.

शब्द बिमारीनं आणले काय? नाही, अश्विनच्या आई. मला खोटं लिहायचं नाही. देवळीजवळच्या त्यांच्या गावच्या घरी ओसरीच्या बाहेर कोनाड्यात एक वेगळा कप ठेवलेला असायचा. मजुरी करायला येणाऱ्या तुमच्या समाजाच्या लोकांना त्यातच चहा मिळायचा आणि तो त्यांनीच धुऊन ठेवायचा. हे मला लग्नानंतर मुकेशच्या बाबांनीच सांगितलं, मान खाली घालून. तुमच्या घरी पहिल्यांदा जेवले त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, "मायले कळलं असतं तर तिनं मले अंगणातच आंघोळ घातली असती." आणि हसले होते. त्या हसण्यावर मी विश्वास ठेवला. इतकी वर्षं तुमचं ताट खाल्लेल्या माणसात ते काही उरलं नसेल असं मी धरून चालले. उरलं होतं. शब्द त्यांच्याच घरातले होते, लहानपणी ऐकलेले. मी याहून वेगळं काही सांगितलं तर ते तुम्हाला पटणार नाही आणि मलाही पटणार नाही.

आणि आता एक ऐका. परवा दुपारी मी त्यांना घरात पाणी दिलं. पेला बाजूला सारला आणि मला म्हणाले, "तुमच्या लोकाईचं आमच्या घरात नाई चालत." मला! त्यांच्याच जातीची, त्यांच्या मामाच्या गावची, त्यांच्या मायनं स्वतः पसंत करून आणलेली मी. पेला हातात घेऊन उभी राहिले. कानशिलं तापली, रडू आलं नाही, राग आला. बिमार माणूस आहे हे माहीत असून राग आला. तुम्हाला तर तेव्हा तेही माहीत नव्हतं.

म्हणून माफी मागत नाही, ती मागायला तोंड नाही. पण या. ताट आता अर्ध्यावरून पावावर आलं आहे. चार घास घेतात आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसतात. माझं सोंग त्यांना कळायला लागलं असेल. रस्सा तुमचा नाही, हसू तुमचं नाही, नुसतं ताट तुमचं. खऱ्या तुम्ही याल तर ते खातील, असं मला आतून वाटतं. मुकेश मार्चमध्ये येतो आहे, नळीचं ठरवायला. त्याच्या आधी एकदा या.

कोकिळा


हिंगणी,
सोमवार, २३ फेब्रुवारी

मुकेशच्या आई,

जयभीम.

मी काल येऊन गेले. तुम्हाला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर तुम्ही दारात उभ्या राहून रडल्या असत्या आणि मला ते नको होतं. जयाला सांगितलं होतं, मुकेशच्या आईला कळवू नको. तुम्ही दळण आणायला गिरणीत गेल्या होत्या. जया मुकेशच्या बाबांजवळ बसली होती. प्लास्टर बांधलेल्या हातानं दळण आणता, आणि मला लिहिता थोडं लागलं आहे. मला जयानं सगळं सांगितलं.

पाटोडीचा रस्सा इथूनच करून डब्यात आणला होता. आमच्या यांनी विचारलं, कोणासाठी? मी सांगितलं नाही. त्यांना समजलंच. डबा बांधायला दोरी त्यांनीच शोधून दिली.

माझ्या अंगणात गेले. गवत वाढलं आहे, तुमची पायवाट पडली आहे. चुलीवर रस्सा गरम करायला घर उघडलं नाही, तसाच ताटात वाढला. दगडावर उभी राहिले. खरं लिहिते, मनात राग होता. वाटत होतं, आता हा माणूस माझ्या हातचं मागून खाईल आणि मी पाहीन. एवढ्यासाठीच आले होते म्हटलं तरी चालेल.

हाक मारली. ते उठले, भिंतीपाशी आले. किती वाळले हो. मी ताट पुढे केलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फेकलं नाही. हात जोडले. म्हणाले, "राहू द्या जी. माझं ताट येते."

मी म्हटलं, "कोणाचं ताट? मी आणलं ना. वळखलं नाई काय मले? मी धुरपता."

"असाल जी. पण माझं ताट बाजूच्या कोकिळाबाईकडून येते. मोठ्या हसऱ्या हाय त्या. दुसऱ्याचं घेतलं तर त्याईले वाईट वाटन."

मी दोनदा विचारलं. दोनदा हेच नाव सांगितलं. जया साक्षीला आहे, तिला विचारा.

मुकेशच्या आई, तुम्ही दोन महिने माझा पदर घेऊन, माझी हाक मारून उभ्या राहिल्या. त्यांनी तुम्हाला एक दिवसही धुरपता समजलं नाही. तुम्हीच म्हणून घेत होते. जयाच्या हातचं घेतलं नाही ते त्यामुळे. चार घास खाऊन तुमच्या तोंडाकडे पाहतात म्हणता, तर तुमचं हसणं कमी झालं असेल, दुसरं काही नाही. घरात तुम्ही गोळ्या, थर्मामीटर आणि रडकं तोंड घेऊन जाता. त्या बाईला ते ओळखत नाहीत. भिंतीपाशी उभी राहते तिला ओळखतात.

मला राग यायला पाहिजे होता. एवढ्या दूरून रस्सा आणला आणि पुन्हा माझं ताट परत आलं. राग आलाही. बसस्टँडवर बसून तोच रस्सा मी स्वतः खाल्ला, सोबतच्या एका म्हातारीला दिला. चांगला झाला होता.

आता कामाचं. घर विकलं गेलं आहे, ते मला थांबवता येत नाही. अश्विननं शब्द दिला आहे. पाडव्याला नवीन माणसं येणार. तोवर अंगण वापरा. पण त्याच्या आधी एक करून पाहा. मी अंगणवाडीत होते तेव्हा एक पोरगं घरचं काही खात नव्हतं, त्याला आम्ही त्याच्याच घरी पाहुणा म्हणून नेऊन बसवत होतो. ताट भिंतीवरून देऊ नका. तिकडून त्यांना म्हणा, आज माझ्या घरी जेवायला या. गेटातून बाहेर काढा, गल्लीतून एक चक्कर मारा आणि तुमच्याच पुढच्या दारातून आत न्या. म्हणा, हे कोकिळाबाईचं घर. रडायचं नाही. गोळ्यांचा डबा दिसू देऊ नका.

जमलं तर जमलं.

माफ केलं असं लिहीत नाही. मला अजून ते वाकून भरलेलं आठवतं. पण माणूस जगला पाहिजे.

धुरपता


पिपरी मेघे,
सोमवार, ९ मार्च

अश्विनच्या आई,

तुमचं पत्र दारातच वाचलं आणि तशीच समोर गेले. जयाला विचारलं. ती म्हणाली, खरं आहे. तुम्ही आलात आणि मी गिरणीत होते, यासाठी मी स्वतःला काय काय बोलले ते लिहीत नाही. तुम्हाला पुन्हा एकदा त्याच भिंतीपासून परत फिरावं लागलं आणि तरी तुम्ही मला उपाय लिहून पाठवलात.

धीर व्हायला आठवडा लागला. मुकेश शनिवारी आला, नळीचे कागद घेऊनच. मी म्हटलं, एक रविवार मला दे. त्यानं दिला.

काल दिवेलागणीला मी तुमच्या दगडावर उभी राहिले, हातात ताट नव्हतं. हसून म्हटलं, "मुकेशचे बाबा, आज आमच्या घरी जेवायले या ना." या वेळी माझ्याच आवाजात म्हटलं. त्यांनी सदऱ्याची बटणं चाचपली. "असं कसं येऊ जी? थांबा," म्हणाले, आणि घरात जाऊन टोपी घालून आले. मुकेशनं त्यांना गेटापर्यंत आणून सोडलं. मी गल्लीतून त्यांचा हात धरून चालले. जया, तिचा नवरा, सगळे दारात उभे होते, कोणी हसलं नाही. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलो आणि वळलो.

आमच्याच दारात त्यांनी चपला काढल्या आणि बाहेर उभे राहिले. "या ना," म्हटलं. आत आले, इकडे तिकडे पाहिलं. "घर छान ठेवलं जी," म्हणाले. मुकेश स्वयंपाकघराच्या दाराआड उभा होता, त्याला मी डोळ्यानं दटावलं. पाटावर बसवलं. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. माझा रस्सा मी केला नाही.

जेवले. अश्विनच्या आई, पोटभर जेवले. माझ्या हातचं, माझ्या घरात, माझ्यासमोर बसून. दुसरा रोडगा मागून घेतला. मुकेश दाराआडून पाहत होता, त्यानं तोंड फिरवलं. मी रडले नाही. तुम्ही सांगितलं होतं म्हणून हसत राहिले, गाल दुखेपर्यंत. आज सकाळीही तसंच आणलं, आत्ता संध्याकाळीही. मुकेश कागद घेऊन परत गेला. पाडव्याला तुमच्या घरात कोणी का येईना, आता माझं अडत नाही.

एवढं लिहून थांबायला हवं होतं. पण पुढचंही तुम्हालाच सांगू शकते.

काल जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि दाराकडे निघाले. मी म्हटलं, बसा ना, घाई काय आहे? मागे वळून हात जोडले आणि म्हणाले, "जेवण लय मस्त झालं जी. पण निघतो आता. घरी मंडळी माझी वाट पाहून राह्यली असन, ती अजून जेवली नसन."

आज दोन्ही वेळा तेच म्हणाले. मी चपला घातल्या आणि त्यांना घरी सोडायला निघाले.

तुमची,
कोकिळा